बालाघाटच्या धारेवर बसून शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर कसं मोजायचं

दसरा उरकला की आमच्या बीडकडची गावं हळूहळू रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर मांजरसुंब्याचा घाट चढत असतात, ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि लेकरं. त्याच दिवसांत त्याच घाटाच्या डोक्यावरून कझाकस्तान, सायबेरियाकडचे शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात. घाट चढणाऱ्या माणसांची नोंद कारखान्याच्या मुकादमाकडे तरी असते. या पक्ष्यांची नोंद आपल्याकडे जवळपास कुणीच ठेवत नाही. ती ठेवता येते. त्यासाठी डोंगराची एक धार, एक साधी दुर्बीण, एक वही आणि चार तास एका जागी बसायची तयारी एवढंच लागतं. आम्ही हे कसं करतो, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. जगात काही ठिकाणी शिकारी पक्ष्यांचा पूर येतो. जॉर्जियातल्या बातुमीजवळ काळा समुद्र आणि डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांहून जास्त पक्षी जातात. मराठवाड्यात असं होत नाही. इथे समुद्र नाही, पक्ष्यांना एका जागी दाटून आणेल अशी खिंड नाही. ते रुंद आघाडीवर पांगून येतात, आणि एखाद्या सकाळी चार तासांत दोनच पक्षी जातात, कधी एकही जात नाही. म्हणून आपल्याकडच्या मोजणीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा पक्ष्यांचा नाही, तासांचा आहे. किती वेळ बसलो आणि त्या वेळात काय गेलं, हे दोन्ही लिहिलं तरच नोंदीला अर्थ येतो. ज्या तासात काहीच गेलं नाही, त्या तासापुढे शून्य लिहायचं. तो तास वगळायचा नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर पूर्वी लोक गंमत म्हणून ससाणे आणि गरुड मारायचे. १९३४ मध्ये पक्षी वाचवण्यासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी तो डोंगर भाड्याने घेतला आणि मॉरिस ब्रून यांना तिथे राखणीला बसवलं. ब्रून यांनी राखणीबरोबर मोजणी सुरू केली. पुढे बाल्ड ईगल या अमेरिकी गरुडाची कोवळी पिल्लं त्या धारेवरून जाणं कमी झाल्याचं याच वह्यांतून दिसलं, आणि लेखिका रेचल कार्सन यांनी डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध मांडणी करताना त्या आकड्यांचा आधार घेतला. सुरुवात केली तेव्हा ब्रून यांना डीडीटी माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ते फक्त रोज लिहीत होते.

धार कशी निवडायची

बीड शहराकडून मांजरसुंब्याला चढताना लक्षात येतं की बालाघाट डोंगररांगेचा उतार उत्तरेला, गोदावरी खोऱ्याकडे तोंड करून उभा आहे. खाली सपाट काळी रानं, वर माळरानाचं पठार. पावसाळा परतला की वारा बहुतेक ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो. तो या उतारावर आदळतो आणि वर चढतो. पक्ष्याला हा वर चढणारा वारा म्हणजे फुकटचा जिना. दिवस तापला की खालच्या नांगरलेल्या रानातून गरम हवेचे खांब उठतात, तो दुसरा जिना. उत्तरेकडून सपाटीवरून आलेला पक्षी धारेपाशी उंची घेतो, मग एक तर धारेच्या कडेने सरकत राहतो, नाहीतर ती ओलांडून पठारावर निघून जातो. आपल्याला या जागेवर बसायचं आहे.

बसण्याच्या जागेपासून उत्तरेचं क्षितिज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं दिसायला हवं. पाठीमागे पठारही दिसलं तर उत्तम, कारण निम्मे पक्षी डोक्यावरून गेल्यावरच नीट ओळखू येतात. अगदी कड्याच्या टोकावर बसू नका, चार पावलं आत एखादं बोरीचं किंवा हिवराचं झाड पाठीशी घ्या. जमीन कुणाची आहे ते विचारून घ्या. गायरान असेल तर गावात सांगून ठेवा, वनविभागाची असेल तर परवानगी घ्या. नायगाव मयूर अभयारण्य, येडशीचा रामलिंग घाट, गौताळा अशा संरक्षित जागी ती आधीच लागते. संभाजीनगरकरांना म्हैसमाळची धार आहे, धारूर-अंबाजोगाईकडच्यांना त्यांचे घाट आहेत. पण एकदा ठरवलेली जागा बदलू नका. जागा बदलली की मागच्या वर्षाच्या आकड्याशी तुलना संपली.

कोणते दिवस, कोणते तास

हंगाम २५ सप्टेंबरच्या सुमारास सुरू करा आणि नोव्हेंबरअखेर संपवा. सुरुवातीला मार्श हॅरिअर येतो (हॅरिअर म्हणजे रानावरून खालून तरंगत जाणारा, लांब शेपटीचा शिकारी पक्षी) आणि ऑस्प्रे म्हणजे मीनखाई घार येते. यातले काही जायकवाडीच्या नाथसागरावर मुक्कामाला थांबतात. ऑक्टोबरात माँटेग्यू आणि पॅलिड हॅरिअर, खरुची हा छोटा ससाणा, बूटेड ईगल हा लहान गरुड दिसायला लागतात. मोठे गरुड उशिरा. सगळ्यात शेवटी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नशीब असेल तर अमूर ससाणा. नागालँडमध्ये २०१३ साली उपग्रह-यंत्रं बसवलेल्या अमूर ससाण्यांनी दाखवून दिलं की हा मूठभर पक्षी ईशान्य भारतातून निघून भारताचं द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेला जातो. तो बऱ्याचदा इतक्या उंचावरून जातो की खाली बसलेल्याला पत्ताच लागत नाही. तरी त्या दिवसांत संध्याकाळी रानावर चतुर आणि पंखवाली वाळवी उडत असेल तर आकाशावर लक्ष ठेवा.

परतीचा प्रवास मार्च-एप्रिलमध्ये असतो, पण तेव्हा वारा पश्चिमेकडे फिरलेला असतो, आपल्या उताराला तो मिळत नाही आणि ऊनही मी म्हणत असतं. पहिल्या दोन वर्षांत फक्त शरद ऋतूतली मोजणी धरा.

आठवड्यातले दोन ठरलेले दिवस घ्या, समजा बुधवार आणि रविवार, सकाळी ८ ते १२. हंगामात जवळपास पाऊणशे तास होतात आणि दोन माणसांना ते झेपतं. दिवस आधी ठरवायचे, हवा बघून नाही. चांगला वारा बघूनच गेलात तर आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी वेगळाच माणूस वेगळ्याच हवेत गेला की पक्षी कमी झाले असं उगाच वाटतं. पाऊस उघडल्यावरचा पहिला मोकळा दिवस खरोखर चांगला असतो, त्या दिवशी जरूर जा, पण त्या तासांवर ‘जादा’ असा शेरा मारून वेगळे ठेवा.

हॅरिअर आणि ससाणे पंख मारत कधीही जाऊ शकतात, त्यामुळे सकाळी आठलाच तयार बसा. गरुड आणि तिसाच्या जातीचे रुंद पंखांचे पक्षी हवा तापायची वाट बघतात, ते साडेनऊ-दहानंतर. भर दुपारी पक्षी इतके वर जातात की आकाश रिकामं वाटतं. दुपारी बसणार असाल तर हे ध्यानात ठेवा, ते शून्य खरं शून्य नसतं.

सोबत काय घ्यायचं

८×४२ ची दुर्बीण पुरते. त्याहून जास्त ताकदीची हातात थरथरते. स्पॉटिंग स्कोप म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याची मोठी दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर अडत नाही. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. कडक पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली, काठीला बांधलेला सुताचा धागा म्हणजे वाऱ्याची दिशा कळते. टोपी, माणशी तीन लिटर पाणी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे उन्हात खराब होत नाहीत आणि एका हाताने खाता येतात.

क्षितिजाची पट्टी

हे काम पहिल्याच दिवशी, पक्षी दिसायच्या आधी करायचं. वहीचं आडवं पान घ्या आणि समोरचं क्षितिज डावीकडून उजवीकडे काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. त्यावर ठळक खुणा मांडून त्यांना नावं द्या: मोबाइलचा टॉवर, देवळाचं शिखर, पाझर तलाव, जोडलिंब, पहिली, दुसरी, तिसरी पवनचक्की. ही पट्टी सगळ्यांच्या वहीत सारखी हवी. ‘अरे तो बघ, तिकडे, ढगाच्या खाली’ म्हणेपर्यंत पक्षी निघून जातो. ‘जोडलिंबाच्या वर दोन मुठी, उजवीकडे सरकतोय’ म्हटलं की दुसऱ्याला लगेच सापडतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते, करंगळी एखाद अंश. लहान पोरंही हे पाच मिनिटांत शिकतात.

त्याच पट्टीवर मोजणीची रेषा ठरवा. धारेच्या रेषेत डावीकडे एक खूण आणि उजवीकडे दुसरी खूण, त्यांना जोडणारी मनातली रेघ. पक्षी प्रवासाच्या दिशेने ही रेघ ओलांडून गेला तरच तो मोजायचा. अलीकडेच घुटमळला आणि परत फिरला, तर नाही.

नजर कशी फिरवायची

आधी उघड्या डोळ्यांनी सगळं आकाश एकदा बघा. मग दुर्बीण क्षितिजाच्या जरा वर लावून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश न्या, टोकाला गेल्यावर थोडी वर उचलून परत या. निळ्या आकाशात पक्षी ठिपक्यासारखा विरघळतो, म्हणून ढगांच्या कडा आणि पांढुरक्या पट्ट्या आधी चाळा. दर पाच-सात मिनिटांनी थेट डोक्यावर बघा, सगळ्यात जास्त पक्षी तिथेच निसटतात. कोतवाल, कावळे, पाकोळ्या एकदम ओरडायला किंवा वर झेपावायला लागल्या तर त्या कुठे बघतायत तिकडे बघा. वीस मिनिटांनी बघणारा आणि लिहिणारा यांनी जागा बदलायची, डोळा थकतो. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही नेऊ नका, एका क्षणात कायमची इजा होते.

इथलं कोण, वाटसरू कोण

आपल्या भागातली खरी अडचण ही आहे. पहिल्या वर्षी आम्ही दुपारपर्यंत पानभर घारी लिहिल्या होत्या आणि मनातून खूश होतो. बाजूने मेंढरं घेऊन एक आबा चालले होते. उभे राहून त्यांनी विचारलं, “काय बगायलाव सर?”

“घारी मोजायलोत, आबा.”

ते थोडा वेळ आमच्याबरोबर वर बघत राहिले. “त्या तर हितल्याच हायत. सकाळधरनं त्याच घुमायल्यात. ती लांब शेपटाची, रानावरनं खालून तरंगत जाती ना, ती मोजा. ती सोयाबीन काढायच्या टायमाला येती अन् शिमग्याला जाती.”

ते सांगत होते तो हॅरिअर होता, आणि त्यांचं वेळापत्रक अचूक होतं. ते पान आम्ही रद्द केलं. त्या दिवसापासून नियम केला की बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीच मोजायचं नाही. त्या वेळात धारेवर कोण राहतं ते बघायचं: घारींचं टोळकं, एखादा शिक्रा, तिसा, सापमार गरुडाची जोडी, कापशी. त्यांची वेगळी यादी ‘स्थानिक’ म्हणून लिहायची. पुढे त्यातलं कुणी फिरत राहिलं तर ते मोजणीत येत नाही.

वाटसरू ओळखण्याची खूण त्याच्या वागण्यात असते. तो एका दिशेने येतो, मध्ये दोन-चार घिरट्या घेऊन उंची मिळवतो आणि पुन्हा त्याच दिशेने सरळ घसरत निघतो. खाली बघत नाही, परत फिरत नाही. स्थानिक पक्षी फिरून फिरून त्याच झाडावर येतो. घारींच्या बाबतीत तर कडक राहा: हिवाळ्यात उत्तरेकडून काळ्या कानाच्या घारी खरोखर येतात, पण एकामागे एक रांगेत, एका दिशेने रेघ ओलांडली तरच त्या लिहा. शंका आली तर स्थानिकात टाका. आकडा थोडा कमी राहिला तरी चालेल.

आकृतीवरून ओळख

रंग विसरा, आधी आकार. हॅरिअर लांब पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, लांब शेपूट घेऊन हेलकावत जातो. ससाण्याचे पंख टोकदार, मारा जलद. शिक्र्याच्या जातीचे चार-पाच वेळा पंख फडफडवून थोडं घसरतात, पुन्हा फडफडवतात. घार शेपूट सुकाणूसारखी वळवत राहते. ऑस्प्रेचे पंख मनगटात मोडलेले, समोरून बघितल्यास इंग्रजी एम. मोठा गरुड फळीसारखा. मधुबाजाचं डोकं लहान आणि मान लांब, कबुतरासारखी पुढे काढलेली. खरुची आणि सापमार हवेत एका जागी थांबतात.

बूटेड ईगल समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना, पंखांच्या मुळाशी एक-एक पांढरा ठिपका दिसतो, गाडीचे दिवे लावल्यासारखा. त्याचा फिका प्रकार खालून पांढरा आणि पंखांची उडायची पिसं काळी, त्यामुळे नवखा माणूस त्याला पांढरं गिधाड समजतो. गिधाडाची शेपूट पाचरीसारखी असते, ती बघा. गवताळी गरुड, म्हणजे स्टेप ईगल, आपल्याकडे क्वचितच दिसतो, पण २०१५ पासून तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे, त्यामुळे प्रत्येक नोंद मोलाची. कोवळ्या पक्ष्याच्या पंखाखालून आडवा रुंद पांढरा पट्टा जातो. आपला इथला तपकिरी गरुड त्याच्यासारखाच दिसतो, त्याच्यात हा पट्टा नसतो.

हॅरिअरमध्ये नर सोपे. पॅलिडचा नर जवळपास पांढरा आणि पंखाच्या टोकाला काळी बारीक पाचर. माँटेग्यूचा नर जास्त राखाडी, टोकाचा काळा भाग मोठा आणि पंखावर एक आडवी काळी रेघ. माद्या आणि पिल्लं दोघांचीही तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. लांबून त्यांच्यात भेद करणं अनुभवी माणसालाही जड जातं. तिथे ‘पांढऱ्या कमरेचा हॅरिअर’ एवढंच लिहा. ‘मोठा गरुड’, ‘ससाणा, जात अनिश्चित’ हेसुद्धा पूर्ण प्रतिष्ठेचे शेरे आहेत. जबरदस्तीने दिलेलं नाव पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

आणि एकत्र घिरट्या घेणारा थवा दिसला तर घिरट्या चालू असताना मोजू नका, एकच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचल्यावर ते एकेक करून सुटतात आणि रांगेत घसरायला लागतात. तेव्हा मोजा. संख्या मोठी असेल तर दहा पक्ष्यांचा तुकडा डोळ्यात धरा आणि तसे किती तुकडे बसतात ते बघा.

वहीतलं पान

प्रत्येक तासाचं वेगळं पान. वर तारीख, तास, किती माणसं बघत होती, वाऱ्याची दिशा, वारा किती (गवत हलतंय, पानं सळसळतायत की धूळ उडतेय), ढग दहापैकी किती भाग, आणि सगळ्यात लांबची कोणती खूण दिसतेय. धुरकट दिवशी तिसरी पवनचक्की दिसेनाशी होते, एवढं लिहिलं की दृश्यमानता कळली. मग एकेका पक्ष्याची ओळ, अशी:

९.१४ – माँटेग्यू हॅरिअर, नर, १ – जोडलिंबाकडून आला, नैर्ऋत्येला – उंची १

उंचीसाठी आम्ही चार आकडे ठरवले आहेत. ० म्हणजे आपल्या डोळ्याच्या खालून. १ म्हणजे डोळ्यापासून पवनचक्कीच्या पात्याच्या टोकापर्यंत. २ म्हणजे त्याच्या वर, पण उघड्या डोळ्याला दिसतो. ३ म्हणजे फक्त दुर्बिणीत. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून उंची १ चा रकाना फार महत्त्वाचा झाला आहे, कारण पाती नेमकी तिथेच फिरतात. त्या उंचीवरून पक्षी पात्यांजवळ कसा वागला, वळला, वर गेला की मधून गेला, ते शब्दांत लिहा. खाली मेलेला पक्षी सापडला तर हात न लावता फोटो, जागा, वेळ घ्या आणि वनविभागाला कळवा.

शेवटी तासाला किती पक्षी ते काढा. समजा एका वर्षी ४० तासांत ६० हॅरिअर आणि दुसऱ्या वर्षी १० तासांत ३०. पहिला आकडा दुप्पट दिसतो, पण तासाला दीड आणि तासाला तीन असा हिशेब केला की चित्र उलटं होतं. ही नोंद त्याच रात्री ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या वेबसाइटवर एका जागेवरची यादी म्हणून टाका, दर तासाची वेगळी. फक्त शिकारी पक्षीच लिहिले असतील तर तिला ‘पूर्ण यादी’ म्हणू नका. उद्यावर टाकलेली वही पंधरा दिवस तशीच राहते.

जपायचं काय

परतीच्या पावसातल्या विजा मराठवाड्यात दरवर्षी माणसं आणि जनावरं घेतात. गडगडाट ऐकू आला की धार सोडा, झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा. दगडांच्या फटीत फुरसं असतं, हात घालण्याआधी काठी घाला. कड्याला आग्यामोहोळ असेल तर खाली वाकून बघू नका, विडी-सिगारेटचा धूर तर अजिबात नको. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारेची यात्रा असते, त्या आठवड्यात रस्ते भरलेले असतात, लवकर निघा.

संध्याकाळची मोजणी

दिवसभर जेवढे हॅरिअर निसटले, त्यातले काही संध्याकाळी सापडतात. हे पक्षी झाडावर झोपत नाहीत. माळरानावरच्या गुडघाभर गवतात, जमिनीवर, एकत्र येऊन रात्र काढतात. असं गवत तुमच्या धारेजवळ असेल तर महिन्यातून एकदा सूर्यास्ताच्या तासभर आधी शंभर-दीडशे मीटर लांब, वाऱ्याच्या आडोशाला बसा. पक्षी चारी बाजूंनी, एकेकटे, अगदी खालून येतात. गवतावर दोन-तीन फेऱ्या मारतात, उतरतात, पुन्हा उठतात, दुसरीकडे बसतात. म्हणून उतरणारे मोजत राहा आणि उठलेले त्यातून वजा करा. एकाने फक्त ‘बसला’, दुसऱ्याने फक्त ‘उठला’ म्हणायचं, तिसऱ्याने लिहायचं. जागेचं नाव कुठेही जाहीर करू नका, गवताला आग लावणारे आणि कुत्री सोडणारे दोन्ही पोचतात. शेवटचा पक्षी बसल्यावरही लगेच उठू नका, नाहीतर सगळा थवा अंधारात उडतो. पूर्ण काळोख होऊ द्या, मग बॅटरी पायाशी धरून, आलात त्याच वाटेने परत फिरा.